मिंबर आणि माजघर

अध्यक्षमहाराज, भगिनींनो आणि बंधूंनो,

व्याख्यानाला उभा राहिलेला वक्ता प्रथम श्रोत्यांना हाक मारतो. ती हाक इतकी सरावाची झालेली असते, की तिच्यात कोण आले आणि कोण राहून गेले याचा विचार वक्ता करीत नाही आणि पुढच्या रांगेतले श्रोतेही करीत नाहीत. जो राहून गेला त्यालाच तो विचार सुचतो. आजचा माझा विषय या हाकेपाशीच सुरू होतो.

हदीसच्या ग्रंथांत मदिनेतील एक आठवण नोंदलेली आहे. महंमद पैगंबरांच्या पत्नी उम्मे सलमा आपल्या खोलीत दासीकडून केस विंचरून घेत होत्या. मशिदीतल्या मिंबरावरून, म्हणजे प्रवचनाच्या उंच आसनावरून, पैगंबरांचा आवाज आला. त्यांनी 'लोकहो' अशी हाक घातली होती. उम्मे सलमांनी दासीला बाजूला व्हायला सांगितले. दासी म्हणाली, त्यांनी पुरुषांना बोलावले आहे, बायकांना नाही. त्यावर उम्मे सलमा म्हणाल्या, की मीसुद्धा लोकांतलीच आहे. आणि त्या ऐकू लागल्या.

एका बाजूला मिंबर, दुसऱ्या बाजूला माजघर, आणि मध्ये एक भिंत. इस्लामी धर्मप्रवचनाच्या भाषेचा चौदाशे वर्षांचा इतिहास या भिंतीच्या दोन्ही बाजूंनी लिहावा लागतो. मिंबरावरची भाषा एक झाली, माजघरातली दुसरी झाली. पहिली पुरुषांची आणि दुसरी बायकांची, असे आपण सहज म्हणून जातो. हे म्हणणे कितपत खरे आहे, आणि आपल्या पालघर-तारापूरच्या किनाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध पोहोचतो, एवढाच प्रश्न मी आज घेणार आहे. मी मौलवी नव्हे, अरबीचा पंडितही नव्हे. इतिहास वाचण्याची आणि माणसांचे बोलणे कान देऊन ऐकण्याची खोड आहे, तेवढ्याच भांडवलावर बोलतो आहे.

प्रथम आपल्या घराजवळचे पाहू. तारापूर, चिंचणी, डहाणू, मनोर, पालघर या टापूत कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. उत्तर हिंदुस्थानातले बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी परंपरेचे, तर आपले कोकणी मुसलमान शाफई परंपरेचे. अरबस्तानाशी समुद्रमार्गाने जो जुना संबंध होता, त्याची ही खूण आहे. घरातली त्यांची बोली कोकणी वळणाची मराठी. शुक्रवारी दुपारच्या नमाजापूर्वी मशिदीत खुतबा होतो. खुतब्याचे दोन भाग असतात. खतीब उभा राहून पहिला भाग म्हणतो, क्षणभर बसतो, मग पुन्हा उठून दुसरा म्हणतो. शाफई शास्त्राप्रमाणे खुतब्याची पाच अंगे अरबीतच व्हावी लागतात: ईश्वराची स्तुती, पैगंबरांसाठी प्रार्थना, ईश्वराचे भय बाळगण्याचा उपदेश, कुराणातील एखादी आयत, आणि सर्व श्रद्धावंतांसाठी दुवा. या शेवटच्या दुव्यात 'श्रद्धावान पुरुष आणि श्रद्धावान स्त्रिया' असा जोड उच्चार करण्याची रीत आहे. अरबी खुतब्याच्या अगोदर समजुतीसाठी जे भाषण होते ते बहुधा उर्दूत असते. आणि खुतबा चालू असता श्रोत्याने बोलू नये. किती बोलू नये? शेजारचा बोलत असेल तर त्याला 'गप्प राहा' असेही म्हणू नये, इतकी ती शिस्त कडक आहे.

आता भिंतीच्या अलीकडे या. बायका आपल्याकडे शुक्रवारच्या नमाजाला मशिदीत सहसा जात नाहीत. मग त्यांना धर्म कोण सांगते? सासू सांगते, आजी सांगते, शेजारची जाणती बाई सांगते. बाळंतिणीच्या खोलीत, लग्नघरी हळदीच्या आदल्या रात्री, मयताच्या घरी चाळीस दिवसांपर्यंत, रमजानात पहाटे सहरीच्या चुलीपुढे हे सांगणे चालते. त्याला कोणी प्रवचन म्हणत नाही. परंतु प्रवचनाचे जे काम, म्हणजे धर्माचा अर्थ सांगणे, धीर देणे, चुकलेल्याला वळवणे, ते सारे तेथे होते.

या दोन भाषा शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे फरक चटकन दिसतो. मशिदीतल्या उर्दू भाषणाची हाक वडीलधाऱ्यांना आणि मित्रांना असते. घरातली हाक 'बाय' नाही तर 'पोरी' अशी एकेकीला असते. मशिदीतला वक्ता प्रमाण देतो ते ग्रंथाचे आणि कथन करणाऱ्यांच्या परंपरेचे. घरातली म्हातारी प्रमाण देते ते आपल्या सासूचे. तिकडे भाववाचक फारसी-अरबी नामांची रांग लागते. इकडे नामे तीच राहिली तरी क्रियापदे मराठी होतात. उर्दूत रोजा 'ठेवतात' आणि 'उघडतात'. आपल्याकडे रोजा 'धरतात' आणि 'सोडतात', जसा शेजारच्या आळीत उपास धरतात आणि सोडतात. हे एक क्रियापद पाहा. ते ठरवायला पंडितांची सभा भरली नव्हती. शेकडो वर्षे एकाच विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायकांनी ते वापरून वापरून रूढ केले आहे.

आणखी एक बारकावा आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. मराठीला 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटले की तो आत येतो. उर्दूच्या एकट्या 'हम'मध्ये हा भेद दिसत नाही. मिंबरावरचा उपदेश बहुधा 'तुम्ही' या पुरुषात चालतो: तुम्ही असे करा, तुम्ही असे करू नका. माजघरातला उपदेश 'आपण' या शब्दावर चालतो: आपण असे बोलू नये ग, आपल्याला ते शोभत नाही. सांगणारी स्वतःला उपदेशाबाहेर ठेवीत नाही.

येथवर आल्यावर पुष्कळ लोक थांबतात आणि निर्णय देऊन टाकतात: बाईचा स्वभावच मऊ, म्हणून तिची भाषा मऊ, पुरुषाचा स्वभाव हुकूम सोडण्याचा, म्हणून त्याची भाषा तशी. हा निर्णय केवळ पारावरच्या गप्पांत दिला जातो असे नाही. ऑटो येस्पर्सन या थोर डॅनिश भाषापंडिताने १९२२ च्या आपल्या ग्रंथात स्त्रियांच्या भाषेवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि तिची वैशिष्ट्ये स्त्रीच्या मनोवृत्तीत शोधली. १९७५ मध्ये रॉबिन लॅकॉफ या अमेरिकन विदुषीने स्त्रियांच्या बोलण्यातली आर्जवी वळणे, 'असेच ना?' सारखे पुच्छप्रश्न, यांची चर्चा केली. मात्र त्याचे कारण तिने स्त्रीला समाजात मिळालेल्या स्थानाशी जोडले. स्वभाव की स्थान, हा वाद असा उभा आहे. धर्मप्रवचनाचा इतिहास या वादात एक चांगला साक्षीदार आहे. त्याला बोलावून विचारू.

पहिली साक्ष मदिनेचीच. एका ईदेला पैगंबरांनी पुरुषांपुढे प्रवचन केले. मागे असलेल्या बायकांपर्यंत आवाज पोहोचला नसावा असे वाटून ते बिलाल यांना बरोबर घेऊन बायकांकडे गेले आणि दानधर्माचा उपदेश त्यांना पुन्हा केला. एक बाई मधूनच उठली आणि तिने 'असे का?' म्हणून विचारले. तिला उत्तर मिळाले. बायकांनी कानांतली कर्णभूषणे आणि बोटांतल्या अंगठ्या काढून बिलाल यांच्या वस्त्रात टाकल्या. पुढे बायकांनी तक्रार केली, की पुरुष तुम्हांला घेरून असतात, आमच्यासाठी एक दिवस नेमून द्या. तसा दिवस नेमला गेला. त्या दिवशीच्या उपदेशात ते म्हणाले, की जिची तीन मुले मृत्यू पावली, तिला ती मुले नरकाग्नीपासून आड होतील. लगेच एकीने विचारले, आणि दोनच गेली असतील तर? उत्तर आले, दोन असली तरी.

भगिनींनो, या प्रश्नामागे कोणाचे तरी दोन पाळणे रिकामे झाले असतील, हे समजायला भाष्यकार नको. इतिहासाच्या दृष्टीने त्यात पाहण्यासारखे हे, की तोच वक्ता, तोच धर्म, तीच भाषा. पण श्रोत्यांना विचारण्याची मुभा मिळाल्याबरोबर प्रवचनाचा आकार बदलला. तीनचे दोन झाले. उपदेश श्रोत्यांच्या दुःखाच्या मापाने बेतला गेला. घरगुती प्रवचनाचे जे गुण आपण बायकी म्हणतो, म्हणजे प्रश्न, उदाहरण, धीर, एकेकीला उद्देशून बोलणे, ते सारे येथे एका पुरुषाच्या मुखी आलेले आहेत, कारण समोर विचारणाऱ्या बायका आहेत.

हाकेचा प्रश्नही त्याच काळातला. अरबीत स्त्रीपुरुषांच्या मेळ्याला पुल्लिंगी अनेकवचन लावतात. परंपरा असे सांगते, की कुराणात पुरुषांचा उल्लेख होतो तसा आमचा का होत नाही, असे उम्मे सलमांनी विचारले. तेहतिसाव्या सुऱ्यातील पस्तिसाव्या आयतेशी ही हकिकत जोडली जाते. त्या आयतेत आज्ञाधारक पुरुष आणि आज्ञाधारक स्त्रिया, धीर धरणारे पुरुष आणि धीर धरणाऱ्या स्त्रिया, अशा दहा जोड्या ओळीने आल्या आहेत. व्याकरणाच्या दृष्टीने दहाही वेळा पुल्लिंगी शब्दाने भागले असते. तरी दहाही वेळा स्त्रीलिंगी रूप वेगळे उच्चारले आहे. अरबी खुतब्यातल्या दुव्यात 'श्रद्धावान स्त्रिया' वेगळ्या नावाने येतात, ते याच वळणाने. तारापूरच्या मशिदीत शुक्रवारी तो शब्द उच्चारला जातो, तेव्हा तेथे बसलेल्यांत बाई एकही नसते. शब्द मात्र तिची जागा राखून ठेवतो.

दुसरी साक्ष याच्या उलट बाजूची आहे. इसवी सन ६८० च्या ऑक्टोबरात करबला येथे हुसेन मारले गेले. त्यांची बहीण झैनब कैदी म्हणून प्रथम कूफा शहरात आणि मग दमिष्कला यझीदच्या दरबारात नेली गेली. तेथे तिने केलेले भाषण परंपरेने जतन केले आहे. त्यात आर्जव नाही, घरगुती उदाहरण नाही, 'असे मला वाटते' नाही. कुराणाच्या आयतांचा आधार, यमकबद्ध अरबी गद्याचा ठोका आणि सिंहासनावर बसलेल्याला 'तू' म्हणून दिलेला जाब, अशी ती भाषा आहे. मिंबरावरच्या कोणाही खतीबाला हेवा वाटावा अशी. नवव्या शतकात बगदादच्या इब्न तैफूर या ग्रंथकाराने स्त्रियांच्या वक्तृत्वाचा स्वतंत्र संग्रह केला, त्यात अशी भाषणे आहेत. स्वभावाची उपपत्ती या ठिकाणी लंगडी पडते. बाई दरबारात उभी राहिली तेव्हा तिची भाषा दरबाराची झाली.

दुसरा खलिफा उमर यांची गोष्टही परंपरेत नेहमी सांगितली जाते. मेहर फार वाढू लागला, म्हणून त्याला मर्यादा घालण्याचे त्यांनी मिंबरावरून जाहीर केले. श्रोत्यांतील एका बाईने कुराणाचा आधार देऊन हरकत घेतली. उमर यांनी बाई बरोबर आहे आणि आपण चुकलो, असे तेथेच कबूल केले. चौदाव्या शतकाच्या आरंभी फातिमा बिंत अब्बास ही विदुषी दमिष्कमध्ये आणि पुढे कैरोत होऊन गेली. ती १३१४ च्या सुमारास वारली. ती मिंबरावर चढून बायकांना उपदेश करी. कडव्या मतांविषयी प्रसिद्ध असलेल्या इब्न तैमिया यांना तिच्या विद्वत्तेविषयी आदर होता, पण तिचे मिंबरावर चढणे मनाला खटके. तिला मना करावे असे त्यांच्या मनात आले, तेव्हा स्वप्नात पैगंबरांनी ती सदाचारी स्त्री असल्याचे सांगितले, असे चरित्रकार लिहितात. स्वप्न आपण बाजूला ठेवू. खटकण्याचे कारण तेवढे पाहू. तिच्या विद्येची हरकत नव्हती, उपदेशाचीही नव्हती. हरकत होती ती त्या चार पायऱ्यांची.

आता अरबस्तान सोडून आपल्या मुलुखाकडे येऊ. तिसरी साक्ष विजापूरची आहे, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून सतराव्या शतकापर्यंत विजापुरात चिश्ती सूफींचे एक घराणे नांदले: मिरांजी शम्सुल उश्शाक, त्यांचे पुत्र बुऱ्हाणुद्दीन जानम, आणि नातू अमीनुद्दीन आला. हे विद्वान पुरुष. गूढ तत्त्वज्ञानावर त्यांनी ग्रंथ लिहिले. पण मिरांजींच्या 'खुशनामा' या दखनी काव्यात शिष्य आहे ती एक तरुण मुलगी. ती विचारते आणि गुरू सांगतो. या सूफी परंपरेतून दखनी भाषेत 'चक्कीनामा', 'चरखानामा', 'लोरीनामा', 'सुहागननामा' अशी रचना झाली. म्हणजे दळताना, सूत काढताना, मूल निजवताना, लग्नात म्हणायची गाणी. जात्याचा उभा खुंटा अरबी लिपीतल्या अलिफासारखा सरळ, आणि अलिफाने अल्लाचे नाव सुरू होते. मधली खीळ पैगंबरांची. अशा रीतीने पिठाबरोबर सारी धर्मकल्पना दळली जाते. कडव्याच्या शेवटी ईश्वराच्या नावाचा घोष, तो जात्याच्या फेऱ्याशी जुळणारा. अमेरिकन इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी १९७४ च्या एका निबंधात आणि पुढे विजापूरच्या सूफींवरील ग्रंथात या गाण्यांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. दक्षिणेत सामान्य घरांत इस्लाम रुजला त्यात या गाण्यांचा वाटा मोठा होता, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

पाहा, पुरुष जात्यापाशी आला तेव्हा त्याची भाषा जात्याची झाली. फारसी शब्दांची रांग गेली, वाक्य आखूड झाले, दृष्टान्त स्वयंपाकघरातला आला, बोलणे बाईच्या तोंडी शोभेल असे झाले. बाई दरबारात गेली तेव्हा दरबारी बोलली; पुरुष माजघरात आला तेव्हा माजघरचे बोलला. तेव्हा ही भाषा स्वभावाची नव्हे, जागेची म्हटली पाहिजे. जेथे श्रोत्याला विचारता येत नाही तेथे भाषा हुकमी, ग्रंथी आणि गोळीबंद होते. जेथे श्रोता मध्येच 'आणि दोनच गेली असतील तर?' म्हणून विचारू शकतो, तेथे ती वाकते, थांबते, वळण घेते. मिंबर शतकानुशतके पुरुषांकडे राहिले आणि जाते बायकांकडे, म्हणून या दोन जागांच्या भाषांना आपण लिंग चिकटवले. अलीकडच्या अभ्यासाचा कौलही याच बाजूला पडतो. ओबार आणि ॲटकिन्स या संशोधकांनी अमेरिकेतील न्यायालयांत साक्षीदारांच्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण करून १९८० मध्ये दाखवून दिले, की तथाकथित बायकी वळणे दुबळ्या स्थितीतल्या पुरुष साक्षीदारांच्या तोंडीही येतात, आणि अधिकाराने बोलणाऱ्या तज्ज्ञ बायकांच्या तोंडी ती फार थोडी असतात.

मराठी श्रोत्याला यात परके काही वाटू नये. महानुभाव पंथाचे नागदेवाचार्य यांनी केशिराजांना धर्मग्रंथ संस्कृतात रचू नका म्हणून सांगितले ते एवढ्यासाठीच, की तसे केल्यास आमच्या म्हाताऱ्या बायका वंचित होतील. हे तेराव्या-चौदाव्या शतकाच्या संधिकालातले. मराठीला धर्मभाषेचे पद मिळण्यात माजघरातल्या म्हाताऱ्यांचा वाटा आहे, तसाच दखनीला मिळण्यात जात्यावरच्या बायकांचा आहे. आणि जाते तर दोघींचे एकच. पुण्याच्या गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. दळणाऱ्या बायकांच्या तोंडच्या या प्रवचनाचा केवढा साठा आपल्याकडे होता, ते त्यावरून कळते.

आपल्या किनाऱ्याचे एक उदाहरण देतो. फकीह मखदूम अली माहिमी हे कोकणचे थोर मुसलमान पंडित. त्यांचा काळ १३७२ ते १४३१. माहीम म्हणजे मुंबईचे बरे का, आपले केळवे-माहीम नव्हे. त्यांनी अरबीत कुराणावर भाष्य लिहिले. ते भाष्य विद्वानांत मान्यता पावले, पण ज्यांनी ते वाचले असे लोक कोकणात किती निघतील? त्यांच्या आईची गोष्ट मात्र सर्वांना ठाऊक. आईने रात्री पाणी मागितले. मुलगा पाणी घेऊन आला तो आईचा डोळा लागलेला. तिची झोप मोडू नये म्हणून तो पेला हातात धरून पहाटेपर्यंत उभा राहिला. भाष्य मदरशात राहिले. पेला घरोघर गेला. एकाच पुरुषाची कीर्ती दोन जागांनी दोन भाषांत सांभाळली आहे, आणि सामान्य माणसाच्या आचरणावर कोणत्या भाषेचा परिणाम अधिक झाला असेल, हे आपणच ठरवा.

एकोणिसाव्या शतकात या भिंतीला एक नवे दार पडले. ते छापखान्याचे. दिल्ली-लखनौकडे पडद्यातल्या बायकांची म्हणून एक उर्दू होती, तिला बेगमाती जबान म्हणत. फारसी कमी, देशी शब्द अधिक, म्हणी, दुवे आणि तळतळाट यांनी भरलेली. सुधारकांनी ती उचलली. नझीर अहमद यांची 'मिरातुल उरूस' ही कादंबरी १८६९ ची, हाली यांचे 'मजालिसुन्निसा' १८७४ चे. दोन्हींत स्त्रीशिक्षणाचा उपदेश बायकांच्या बोलीत केला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मौलाना अश्रफ अली थानवी यांचा 'बहिश्ती जेवर' निघाला. हे थानवी आपल्या ठाण्याचे नव्हेत; उत्तर प्रदेशातील थाना भवनचे. बाईला घरबसल्या सारा धर्म कळावा म्हणून लिहिलेला हा ग्रंथ. त्यात नमाजापासून पत्रलेखनापर्यंत सारे आहे. मूळचे दहा भाग बायकांसाठी, आणि पुरुषांसाठी अकरावा मागाहून जोडला. लग्नात नवरीला हा ग्रंथ देण्याची चाल पडली.

या ग्रंथांनी बायकांना अक्षर दिले, वारसाहक्काचे ज्ञान दिले, हे निःसंशय. पण आपल्या किनाऱ्यापुरता त्याचा दुसरा परिणामही सांगितला पाहिजे. दिल्लीच्या बाईला जी भाषा घरची, ती चिंचणीच्या बाईला शिकावी लागणारी होती. माजघरासाठी म्हणून लिहिलेले पुस्तक तिच्यापुरते दुसरे मिंबर झाले. पुस्तकातली उर्दू ती धर्माची भाषा, आणि आजीची कोकणी ती अडाण्याची, असा समज हळूहळू घरातच शिरला. आजीने विजापुरी सूफींप्रमाणे जात्याचा दृष्टान्त दिला, तर नात म्हणू लागली, हे किताबात कुठे आहे? प्रश्न चुकीचा नाही. माजघरातल्या उपदेशात वेडगळ समजुतीही पुष्कळ असत, आणि सुधारकांनी त्यांवर कोरडे ओढले ते योग्यच होते. परंतु तण काढताना पीक किती उपटले गेले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

गेल्या साठ वर्षांत तर आपल्या भागाचा चेहराच पालटला. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली, २०१४ च्या ऑगस्टमध्ये पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. कामासाठी उत्तर प्रदेश-बिहारकडून माणसे आली, त्यांत मुसलमानही आले. त्यांची बोली हिंदी-उर्दूच्या कुळातली. त्यांच्यात आणि कोकणी कुटुंबांत समान भाषा म्हणजे उर्दू. तेव्हा मशिदीच्या आवारात तिचा जम अधिक बसला, हे स्वाभाविकच आहे. जात्याची जागा पिठाच्या गिरणीने केव्हाच घेतली. बायका धर्मग्रंथवाचनाला एकत्र जमतात, पण तेथे बहुधा छापील पुस्तक मोठ्याने वाचले जाते. आता मोबाईलवर लांबलांबच्या वक्त्यांची भाषणे माजघरात येतात. ती ऐकता येतात. त्यांना मध्येच काही विचारता येत नाही.

इतरत्र या भिंतीत दारे पाडण्याचे प्रयत्न झाले आहेत. चीनच्या हेनान प्रांतात बायकांच्या स्वतंत्र मशिदी आहेत आणि तेथे बाईच धर्मगुरूचे काम पाहते. कैफेंग शहरातील अशी एक मशीद १८२० ची आहे. मोरोक्कोच्या सरकारने २००६ पासून स्त्री धर्मोपदेशक प्रशिक्षण देऊन नेमल्या. अशा बाईच्या भाषेचे पुढे काय होते, ते पाहण्यासारखे आहे. ती पायऱ्या चढली म्हणजे तिची भाषाही मिंबराची होईल काय? माझ्या मते, केवळ बाई उभी केल्याने भाषा बदलणार नाही. श्रोत्याला विचारण्याची मुभा दिली तर बदलेल, मग वर उभा कोणीही असो.

आता समारोपाचे दोन शब्द. या किनाऱ्यावर आजही अशा म्हाताऱ्या बायका आहेत, की ज्यांच्या तोंडी धर्म मराठी क्रियापदांनी चालतो. ज्या 'आपण' म्हणून उपदेश करतात. त्यांच्या सुना उर्दू पुस्तक वाचतात, नाती इंग्रजी शाळेत जातात. त्या बायकांबरोबर जे जाणार आहे त्याची नोंद मशिदीच्या दप्तरात नाही आणि आपल्या मराठी वाङ्मयाच्या इतिहासातही नाही. एकाने ते बोलणे धर्म म्हणून मोजले नाही, दुसऱ्याने मराठी म्हणून मोजले नाही. या सभागृहात बसलेल्या कोकणी मुसलमान कुटुंबांतल्या मुलामुलींना माझी विनंती आहे, की रमजानच्या एखाद्या पहाटे आजीचे बोलणे जसेच्या तसे, शब्द न सुधारता, उतरून घ्या. मोबाईल हातात आहेच. एकदा त्याला बोलायला न लावता ऐकायला लावा. आणि बाकीच्यांना विनंती, की शेजारच्या घरात रोजा कोणत्या क्रियापदाने सुटतो, ते कधी कान देऊन ऐका.

उम्मे सलमांनी मिंबरावरची हाक ऐकली आणि ती आपल्यालाही आहे असे मानले. आता हाक आतून येते आहे, हळू आवाजात, आणि तिच्यातही आपण सारे आहोत. ती ऐकायला थोडे थांबावे, इतकेच सांगून मी आपली रजा घेतो. आपण शांतपणे ऐकून घेतलेत याबद्दल आभारी आहे. आता मात्र ती शांतता मोडावी आणि मला प्रश्न विचारावेत.